आजाऱ्यांच्या वहीतली लाल रेघ

आमच्या मंडळीत आजाऱ्यांची एक वही होती आणि ती माझ्या ताब्यात असे. दर रविवारी उपदेशाच्या आधी मी उभा राहून त्यातली नावं वाचायचो आणि प्रत्येक नावानंतर सगळे मिळून "प्रभू, दया कर" म्हणायचे. कोणी बरं झालं की त्याने उभं राहून तशी साक्ष द्यायची आणि मी सर्वांसमोर त्याच्या नावावर लाल पेन्सिलीने रेघ मारायची. रेघ पूर्ण झाली की टाळ्या. ही पद्धत कोणी काढली कोण जाणे. मी सरकारी कचेरीतला कारकून, त्यामुळे रेघ पट्टी ठेवून मारायचो. वाकडी रेघ मला बघवत नाही.

मंडळी म्हणजे हैदराबादेतली आम्ही मराठी ख्रिस्ती कुटुंबं. बहुतेक निजामाच्या काळात मराठवाड्यातून नोकरीसाठी आलेली. कोणी नर्स, कोणी कंपाउंडर, कोणी माझ्यासारखे कागद खालीवर करणारे. स्वतःचं चर्च बांधण्याइतके आम्ही कधीच नव्हतो. कोठीजवळ तेलुगू मंडळींचं चर्च होतं, ते दुपारी तीनला आम्हाला उघडून मिळायचं. भिंतीवरच्या फळीवर त्यांच्या सकाळच्या गीतांचे आकडे तसेच असत. उन्हाळ्यात त्या वेळी तिथे बसणं म्हणजे शिक्षाच, पण फुकट मिळालेल्या जागेबद्दल तक्रार कोणाकडे करणार?

राज्यांच्या पुनर्रचनेची ती वर्षं. हैदराबाद राज्याचे तुकडे व्हायचे होते आणि आमचा मराठवाडा मुंबईकडे जायचा होता. कचेरीत प्रत्येकाला विचारलं गेलं, तिकडे जाणार की इथे राहणार? मी "तिकडे" असं लिहून दिलं आणि ऑर्डरीची वाट बघत बसलो. सगळेच बसले होते. फायली तीन ढिगांत वाटायच्या, मग कोणीतरी वरून यायचा आणि म्हणायचा की वाटणी चुकली, पुन्हा करा. रविवारी चर्चमध्ये एकेक बाक रिकामं होत होतं. त्या काळाचा विचार केला की मला आधी आठवतो तो थकवा, बाकीचं सगळं नंतर.

आमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तेच सर्वांत आधी मराठवाड्याकडे गेले. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "आता उपदेशाची पाळी तुझ्यावरही येईल. चुकीची शिकवण दिसली तर शिकवणीवर बोल, शिकवणाऱ्यावर बोलू नकोस. माणसावर बोललास की लोक माणसाची बाजू घेतात आणि शिकवण तशीच राहते." शहाणपणाचा नियम होता. आजही मला तो बरोबर वाटतो, म्हणून तर माझी जास्त चिडचिड होते.

आता आक्काबद्दल सांगतो. आक्का माझी मोठी बहीण. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं आणि त्या भानगडीत स्वतःचं लग्न राहून गेलं. अफझलगंजच्या बाजूला एका दवाखान्यात ती नर्स होती. वर्षानुवर्षं क्षयाच्या वॉर्डात काम केलं आणि शेवटी तिलाच क्षय जडला. कोठीतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. एक दिवसाआड इंजेक्शन, दिवसाला मूठभर गोळ्या आणि वर एक कडू पूड. ती पूड घेतली की तासभर तिला मळमळायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, दीड वर्ष, बरं वाटलं तरी एक दिवस चुकवायचा नाही. हेच वाक्य तिने स्वतः शेकडो रोग्यांना ऐकवलेलं होतं.

वहीत तिचं नाव वर्षभराहून जास्त काळ होतं. तिच्या मागून आलेल्यांवर रेघा पडत गेल्या. कोणाचा ताप उतरला, कोणाची कावीळ गेली, कोणाचा मोडलेला हात जुळला. आक्काचं नाव मात्र पानाच्या डोक्यावर कायम. नवं पान लागलं की मी पहिल्यांदा तेच उतरवून घ्यायचो. माझ्या अक्षरात छान दिसायचं ते.

अशा वेळी मास्तर आले. तारनाक्याकडे राहायचे, शाळेत गणित शिकवायचे, बायको वारलेली. पाळक नाहीत म्हटल्यावर त्यांनी एक रविवार आड उपदेशाची जबाबदारी घेतली. मधल्या रविवारी मी. माणूस सोन्यासारखा होता, हे मी कबूल करूनच पुढे जातो. कोणाच्या घरी आजारपण आलं की मास्तर दोन बस बदलून यायचे, थुंकीचं भांडंसुद्धा धुऊन द्यायचे. आवाज इतका भरदार की गाताना आमचे पन्नास आवाज त्यात बुडून जायचे.

त्यांची शिकवण सोपी होती. विश्वासणारा माणूस बरा झालेलाच आहे. वरून मंजुरी केव्हाच मिळालेली आहे. "मी आजारी आहे" असं म्हणणं म्हणजे त्या मंजुरीवर शंका घेणं. तोंडाने "बरा आहे, बरा आहे" म्हणत राहा, शरीर मागून येईल. कारकुनाला अशी गोष्ट लगेच कळते. आम्ही सगळे ऑर्डर कधी निघते म्हणून वर्षभर ताटकळलेले, आणि इथे एक गृहस्थ सांगत होता की ऑर्डर निघालेली आहे, फक्त तुम्ही लिफाफा उघडा. लोक त्यांच्या पाठीमागे गेले यात नवल नव्हतं.

मला ती शिकवण तेव्हाही खोटी वाटली आणि आजही वाटते. तिच्यात देवाला काही करायलाच उरत नाही. रबरी शिक्का असतो तसा तो, आपण उचलायचा आणि मारायचा. आणि बरं नाही वाटलं तर दोष कोणाचा? आजाऱ्याचा. दुखतंही त्यालाच आणि गुन्हेगारही तोच. पवित्र शास्त्रात बरे झालेले पुष्कळ आहेत, पण न झालेलेही आहेत, आणि देव त्यांच्यावर चिडून बसलाय असं मला तरी कुठे आढळलं नाही. हे सगळं मला नीट मांडता येत होतं. तेवढंच येत होतं, असं आता वाटतं.

एका रविवारी साक्षीच्या वेळी आक्का उभी राहिली. मला वाटलं, वॉर्डातल्या कोणासाठी प्रार्थना मागत असेल. तिने पदर सावरला आणि म्हणाली, "मी बरी झालेली आहे. तीन आठवडे झाले, औषध सोडलंय."

लोकांनी देवाची स्तुती केली. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टेबलाशी बसलेलो, समोर वही, हातात लाल पेन्सिल. ती बरी झालेली नाही हे मला माहीत होतं. त्याच सकाळी जिना चढताना तिने दोनदा भिंतीचा आधार घेतलेला मी पाहिला होता. सगळे माझ्या हाताकडे बघत होते. आणि मी काय केलं असेल? पट्टी ठेवली आणि तिच्या नावावर रेघ मारली. सरळ, एका दमात, कचेरीत रद्द झालेल्या नोंदीवर मारतात तशी. टाळ्या झाल्या.

परतताना आम्ही दोडकी घेतली, कोथिंबिरीसाठी तिने घासाघीस केली, आणि औषधाचा विषय दोघांनीही काढला नाही. मी मनाशी म्हटलं, पुढचा रविवार माझा आहे, तेव्हा बोलू. स्वतःच्या बहिणीशी बोलायला मी रविवारची वाट बघत होतो.

मी तीन उपदेश केले, पंधरा पंधरा दिवसांच्या अंतराने. पाळकांचा नियम तंतोतंत पाळला. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, मास्तर बसायचे त्या बाकाकडे चुकूनही पाहिलं नाही. "काही ठिकाणी असं शिकवलं जातं", "काहींचा असा समज असतो", अशी वाक्यं घासूनपुसून तयार केली. पहिल्या उपदेशानंतर मास्तर स्वतः पुढे आले, दोन्ही हातांत माझा हात घेतला आणि म्हणाले, "फार गरज होती हो याची, भाऊ. अशा शिकवणी फार पसरल्यात आजकाल." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच वाटलं की मी दुसऱ्या कोणाबद्दल बोलतोय.

दुसऱ्या उपदेशानंतर कंपाउंडरच्या बायकोने मला विचारलं, "सिकंदराबादेत कोणी आलाय काय की असा?" तिसऱ्यानंतर घरी आल्यावर आक्का ताट वाढता वाढता म्हणाली, "चांगलं बोललास. कोणाबद्दल होतं रे ते?"

मी जेवलो आणि हात धुतले. इतकं थकल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मास्तरांना वगळण्याच्या नादात मी तिलाही वगळून टाकलं होतं. तिचा खोकला तोवर परत आला होता. खोकून झालं की ती हसून म्हणायची, "बरी आहे मी." शिकवल्याप्रमाणे.

मग मी तारनाक्याला गेलो. आज तोंडावर बोलायचं असं ठरवूनच गेलो. मास्तर अंगणात आपल्या म्हाताऱ्या घरमालकाच्या पायाला तेल चोळत बसले होते. म्हाताऱ्याची एक बाजू लुळी पडली होती आणि त्याला सांभाळणारं कोणी नव्हतं. मी उभ्यानेच सांगितलं की आक्काने औषध सोडलंय आणि ती खंगत चाललीय. त्यांचा हात थांबला.

"मी त्यांना औषध सोडा असं कधी म्हटलं नाही, भाऊ."

"नाही म्हटलंत."

"मी विश्वास ठेवा एवढंच म्हटलं."

तेही खरं होतं. मला भांडायचं होतं, पण त्या तेलकट हातांशी भांडता येईना. मी पुन्हा सुरू केलं, "ही जी शिकवण आहे ना, मास्तर, तिच्यात असं होतं की," आणि ते मान डोलवत राहिले, एखाद्या चांगल्या विद्यार्थ्यासारखे. त्यांनी मला चहा पाजला. बसमधून परत येताना मला त्यांचा राग येत नव्हता, माझाच येत होता.

पुढच्या शनिवारी कचेरी अर्धा दिवस होती. मी दुपारी घरी आलो तेव्हा आक्का मोरीत बसून रुमाल धूत होती. बादलीतलं पाणी गुलाबी झालं होतं. तिने पाणी ओतून द्यायची घाई केली, पण मी पाहिलं होतं. मी तिथेच दारात उभा राहून सुरू झालो की या शिकवणीत मूळ चूक अशी आहे की ती देवाच्या कृपेला...

"पुन्हा उपदेश नक्को," आक्का म्हणाली. "हात जोडते. दमले मी."

ती पिळलेला रुमाल हातात धरून बसून राहिली.

"मास्तरांचं काय घेऊन बसलास? ते येण्याआधी वर्षभर तू माझं नाव वाचतोयस. दर रविवारी, पहिलं. ज्याला ताप आला त्याच्यावर रेघ, ज्याचा हात मोडला त्याच्यावर रेघ. मी तिथेच. बायका बाजूला घेऊन विचारायच्या, सिस्टर, मनात काही राहिलंय का? कोणाला माफ करायचं राहिलंय का? हे मास्तरांच्या आधीचं आहे, बाबा. मी रोज ती कडू पूड गिळायची, ओकाऱ्या काढायच्या आणि रविवारी जाऊन सगळ्यांसमोर नापास व्हायचं. मला त्या वहीतून बाहेर यायचं होतं. एवढंच. मास्तरांनी दार दाखवलं, मी गेले."

मला बसावंसं वाटलं म्हणून मी मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. मी ज्या शिकवणीवर तीन उपदेश झोडले ती आमच्या वहीत आधीपासून होती, माझ्याच अक्षरात. बरे झालेल्यांना टाळ्या आणि उरलेल्यांना पुढचं पान. मास्तरांनी ती फक्त मोठ्याने म्हणून दाखवली होती. त्यांचं नाव न घेण्याबद्दल मी स्वतःची पाठ थोपटत होतो, आणि तिचं नाव मात्र दर रविवारी घेत होतो.

मग जे मी कुठेच लिहून ठेवलं नव्हतं ते तोंडून गेलं. "मला भीती वाटते, आक्का. तू मेलीस तर मी काय करू?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "हे तीन रविवार का नाही बोललास?"

"तिथे कसं बोलणार?"

"तिथे कोण म्हणतंय? इथे. दोडकी घेऊन आलो तेव्हा."

मी रडलो. ती रडली नाही, तिला खोकला आला. खोकला थांबल्यावर ती उठली, फडताळावरचा औषधांचा डबा काढला आणि झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिली. सोमवारी मी तिला दवाखान्यात घेऊन गेलो.

तिच्या ओळखीच्याच डॉक्टर होत्या. त्या आधी ओरडल्या, मग तिचा हात धरून बसल्या. मधल्या तीन महिन्यांत रोग शहाणा झाला होता. पूर्वीच्या इंजेक्शनांना दाद देईना. औषधं बदलली, मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. सहा महिने ती अंथरुणावर होती आणि डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग गेला तो गेलाच. मास्तर दर गुरुवारी यायचे, फळं ठेवून जायचे. गोळ्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. मी कचेरीत अर्ज देऊन मराठवाड्याला जायचं रद्द करून घेतलं. साहेब म्हणाले, "आधी नीट ठरवत जा ना." मी हो म्हटलं.

तिला पुन्हा माणसांत मिसळायची परवानगी मिळाली तेव्हा मी तिला सांगितलं की मी ती वही बंद करतोय.

"वही कशाला बंद करतोस? माणसाला प्रार्थना लागते. रेघ बंद कर," ती म्हणाली. मग जरा विचार करून म्हणाली, "आणि माझं नाव लिही. आजार लिहू नकोस. मी सांगते ते लिही."

रविवारी तीनला आम्ही गेलो. अर्ध्याहून जास्त बाकं रिकामी होती. कंपाउंडरचं सामानही बांधून झालं होतं. मी वही उघडली आणि तिने सांगितलं होतं तसं, एक अक्षर न बदलता, वाचलं. माझी बहीण. गोळ्या घ्यायचा फार कंटाळा येतो, तो येऊ नये म्हणून.

"प्रभू, दया कर" म्हणायचं लोक विसरलेच. मग कंपाउंडरची बायको उभी राहिली आणि खाली मान घालून म्हणाली, "माझंही लिहा. साखरेच्या आजाराचं इंजेक्शन मी चोरून घेते. चोरून घ्यावं लागू नये म्हणून." तिच्यामागे आणखी दोघे उठले. मी लिहीत गेलो. घाईत अक्षर वाकडंतिकडं येत होतं. लिहून झाल्यावर मी ती चार नावं पुन्हा वाचली आणि या वेळी "प्रभू, दया कर" आलं. त्यात मास्तरांचा भरदार आवाज होता. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते आक्काकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता. त्यांच्या मनात काय आलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी नंतरही उपदेश केले. मंजुरीचा विषय मात्र मी पुन्हा ऐकला नाही.

घरी येताना आक्का जिन्यात दोनदा थांबली. वर आल्यावर खुर्चीत बसली, श्वास खाली बसू दिला आणि माझ्याकडे हात केला. मी डबा आणि पाण्याचा पेला दिला. तिने एक गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली, तोंड वाकडं केलं.

"गेला का कंटाळा?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि दुसरी गोळी घेतली.